कुत्र्याची चौकशी आणि धन्याची चौकशी

बऱ्हाणपुरात सकाळच्या प्रहरी कुत्रा घेऊन राजघाटाकडे निघालेल्या माणसाला एकांत म्हणून लाभत नाही. शनवाऱ्याच्या चहाच्या टपरीवरून पहिला प्रश्न येतो, "काटता है क्या?" दहा पावलांवर दुसरा, "कौनसी नसल है?" तिसरे गृहस्थ किंमत विचारतात आणि ती ऐकून "इतने में तो दो बकरियाँ आ जातीं" असा निवाडा देऊन मोकळे होतात. पुढे कोणी तो काय खातो, दूध किती पितो, याची विचारपूस करतो. कोणाला पिल्लू हवे असते. कोणाच्या मेव्हण्याकडे याच जातीची मादी असते आणि सोयरीक रस्त्यातच जमवायची असते. धनी उत्तरे देऊन थकतो. कुत्रा बिचारा साखळीच्या टोकाला उभा राहून, आपल्याला आज नदी दिसणार की नाही, या विवंचनेत असतो.

या चौकसपणाला एकदम नावे ठेवू नयेत. तो या गावाच्या हाडीमाशी खिळलेला आहे. उत्तरेकडून दख्खनेत उतरणारी वाट असीरगडाच्या पायथ्याने तापीकाठच्या या गावात येत असे. आलेल्याला "कोठून आलात, काय आणलेत, कोठे निघालात" हे विचारणे सराईतल्या नोकरापासून सुभेदारापर्यंत सर्वांचा नित्याचा व्यवहार होता. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात सुरतेहून येथे आला, तेव्हा शहाजादा परवेझाच्या दरबारात कसे उभे राहायचे आणि किती वाकायचे, येथूनच त्याची कुरबूर सुरू झाली होती. पुढे याच रोच्या वकिलातीच्या काळात जहांगीर बादशहासाठी विलायतेहून मॅस्टिफ जातीचे थोराड कुत्रे आले. समुद्रप्रवासातून जगून निघालेल्या दोघांच्या दिमतीला बादशहाने चार चार सेवक दिले. ते त्यांना पालखीत घालून नेत आणि अंगावरच्या माशा वारत, असे रोचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने लिहून ठेवले आहे. त्या पालख्या अडवून "काटता है क्या" असे विचारण्याची छाती कोणाला झाली नसावी. आजच्या धन्यापाशी पालखी नाही, सेवक नाहीत. एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातात घाण उचलण्यासाठी कागद. त्याने या प्रश्नांच्या सरबत्तीतून वाट कशी काढावी?

आमच्या मते पहिली गोष्ट ही की, सर्व प्रश्न एका मापाने मोजू नयेत. रस्त्यावरच्या चौकशीचे दोन वर्ग पडतात. काही प्रश्न कुत्र्याविषयी असतात, काही धन्याविषयी. पहिल्या प्रकारच्या प्रश्नाला नीट उत्तर देणे हे कुत्रा पाळणाऱ्याचे कर्तव्यच आहे. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नाही. गोंधळ होतो तो एवढ्याचसाठी की, दुसऱ्या वर्गातला प्रश्न बहुधा पहिल्याचा अंगरखा घालून येतो.

"चावतो का?" हा प्रश्न घ्या. रोज ऐकून कुत्रेवाल्याला त्याचा वीट येतो, पण या प्रश्नामागे एक जुनी दहशत आहे. आजच्या पन्नाशी-साठीतल्या पिढीने पोटावर, बेंबीभोवती टोचायच्या चौदा इंजेक्शनांच्या गोष्टी ऐकल्या आहेत. कित्येकांनी ती सोसलीही आहेत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात मोजकीच इंजेक्शने घ्यावी लागतात आणि लस वेळेवर घेतली तर माणूस वाचतो. परंतु पिसाळीची लक्षणे एकदा दिसू लागली की, उपाय जवळजवळ नाहीच, ही गोष्ट पाश्चरने १८८५ साली पहिल्या मुलाला लस टोचली तेव्हा जितकी खरी होती, तितकीच आजही आहे. तेव्हा विचारणाऱ्याला हसू नये. "वर्षाची लस टोचली आहे, पण अनोळखी माणसाला तो बुजतो, जरा बाजूने जा" एवढे वाक्य पुरे. ज्याच्या कुत्र्याला लस टोचलेलीच नाही, त्याने लोकांच्या प्रश्नांवर रागावण्याचा अधिकार आधीच गमावला आहे.

दुसरा वर्ग श्रद्धेतून येणाऱ्या मंडळींचा. आपल्याकडे कुत्र्याचे स्थान मोठे विचित्र आहे. तो खंडोबाच्या संगती असतो, दत्तात्रेयाच्या पायाशी चार वेद होऊन बसतो, धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या वाटेवर शेवटपर्यंत चालतो. आणि तरीही घराच्या उंबऱ्याबाहेरच त्याची जागा ठरलेली असते. आपला कुत्रा काळा असेल तर शनिवारी याची प्रचीती घ्यावी. तेल लावलेली पोळी घेऊन कोणी तरी वाट अडवतो. साडेसाती त्याची, अपचन कुत्र्याचे. अशा वेळी त्या माणसाच्या श्रद्धेशी वाद घालू नये. "डॉक्टरांनी तेलकट बंद केले आहे, ही पोळी त्या कोपऱ्यावरच्या काळ्याला द्या, तो उपाशी आहे" असे सांगितले की, पुण्यही घडते आणि पोटही सांभाळते.

खाऊ घालणाऱ्यांच्या बाबतीत मात्र संकोच कामाचा नाही. मावा जिलेबी ही बऱ्हाणपूरची शान आहे, पण ती माणसांसाठी. लहान मुले मायेपोटी चॉकलेट पुढे करतात, कोणी मनुका देतो, कोणी कांद्याचे भजे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा हे चारही पदार्थ कुत्र्याला विषासारखे बाधू शकतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. देणाऱ्याचा हात मायेचा असला तरी तो वेळीच थांबवावा, आणि कारणही सांगावे. कारण सांगितले की, तोच माणूस दुसऱ्या दिवशी इतरांना थांबवू लागतो.

याच्या उलट बाजूला, कुत्र्याचा स्पर्शही नको असणारी माणसे आहेत. सतियारा घाटावरून स्नान करून सोवळ्याने परतणाऱ्या आजीबाई आणि वजू करून मशिदीकडे निघालेले बुजुर्ग यांची अडचण एकच आहे. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की, तो बदलणे किंवा धुणे आले. अशा गावात साखळी आखडून, भिंतीकडेने कुत्रा धरून उभे राहणे हा साधा शेजारधर्म होय. शाही किल्ल्याचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. संरक्षित स्मारकांविषयीच्या १९५९ च्या नियमांप्रमाणे आवारात जनावर आणता येत नाही. पहारेकरी अडवतो तेव्हा तो नाक खुपसत नसून आपले काम करीत असतो.

आता कुत्र्याची बाजू. लोक सरळ डोक्यावर हात ठेवायला धावतात. माणसाला हा आशीर्वाद वाटतो, पण कुत्र्याला वरून येणारा अनोळखी हात धोक्याचा वाटतो. तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, अवेळी जांभई देतो, शेपूट आत घेतो किंवा अंग ताठ करतो. ही त्याची "नको" म्हणण्याची भाषा आहे. ती कोणी वाचली नाही तर तो गुरगुरतो, आणि गुरगुरणेही वाचले नाही तर त्याच्यापाशी दातांखेरीज काही उरत नाही. शेपूट हलते म्हणजे स्वारी खूष, हाही एक लोकभ्रमच. चिडलेला कुत्राही शेपूट हलवतो. म्हणून हात लावू इच्छिणाऱ्याला आधी तिरके उभे राहायला सांगावे, हात खाली ठेवून कुत्र्याला वास घेऊ द्यावा, आणि तो आपणहून जवळ आला तरच गळ्याखाली खाजवू द्यावे. तो आला नाही तर विषय संपला. या कामी धन्याने भिडेखातर कुत्र्याला पुढे ढकलू नये. पाहुण्यांपुढे मुलाला गाणे म्हणायला लावण्याची आपली जुनी खोड येथे महागात पडते.

महागात म्हणजे खरोखरीच महागात. दुसऱ्याच्या मुलाने न विचारता हात घातला आणि कुत्र्याने दात लावले, तर लोक मुलाला नव्हे, धन्याला जाब विचारतात. कायदाही धन्याकडेच पाहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातील जनावराबाबत हयगय करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दात लागलेच तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्या माणसाला तडक दवाखान्यात न्यावे. भांडण मागाहून करता येते. उलटपक्षी, साखळीतल्या कुत्र्याला उगाच दगड मारणाऱ्या टारगटाला १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा पहिल्या गुन्ह्याबद्दल दहा ते पन्नास रुपये दंड सांगतो. एवढ्याने कोणी घाबरेल असे नाही. म्हणून दगड उचललेला दिसताच वाद न घालता वाट बदलणे हेच शहाणपण.

येथवर सांगितले ते सर्व कुत्र्याविषयीच्या चौकशीचे. आता दुसऱ्या वर्गाकडे वळू, कारण खरी गाठ तेथेच आहे. पुरुष कुत्रा घेऊन निघाला तर त्याला कुत्र्याची किंमत विचारतात. तरुण मुलगी निघाली तर प्रश्न हळूहळू सरकत जातात. कुत्र्याचे नाव काय, येथून तिचे नाव काय येथवर. तो रोज किती वाजता फिरतो, येथून ती रोज किती वाजता निघते येथवर. तो कोठे राहतो, येथून घरात आणखी कोण कोण असते येथवर. प्रत्येक प्रश्न सुटा घेतला तर निरुपद्रवी. ओळीने मांडले की, त्यांतून कुत्र्याची नव्हे, मुलीची माहिती गोळा झालेली दिसते. मुली अशा वेळी काय करतात? हसून वेळ मारून नेतात, फोन आल्याचे सोंग करतात, रस्ता बदलतात, आणि काही दिवसांनी फिरणेच बंद करतात. घरचे म्हणतात, "कशाला जातेस एकटी? भाऊ नेईल कुत्र्याला." प्रश्न विचारणारा मात्र आपल्या टपरीवर तसाच बसून असतो.

हा मार्ग आम्हांस मान्य नाही. आपल्याकडे मुलींना उत्तर न देणे म्हणजे उद्धटपणा, असे लहानपणापासून शिकवले जाते. मोठ्यांनी विचारले की, सांगायचे. पण परक्या माणसाला घराचा पत्ता न सांगणे हा उद्धटपणा नव्हे. "कुत्र्याचे विचारा, सांगते. बाकीचे सांगण्याजोगे नाही," हे वाक्य शांतपणे, चढ्या आवाजाशिवाय म्हणता येते. ते एकदा स्पष्ट म्हणण्याला व्यवहारात मोल आहेच, कायद्यातही आहे. स्त्रीने नाराजी स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हापुन्हा मागे येणे किंवा बोलणे लादणे हा त्याच संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा ठरतो, आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हसून टाळलेले उत्तर समोरचा आपल्या सोयीने वाचतो. स्पष्ट नकार दुसऱ्या कोणत्याही अर्थाने वाचता येत नाही. एवढ्यानेही भागले नाही तर रोजची वेळ व वाट दोन-चार दिवस बदलावी, घरी सांगावे, ओळखीच्या दुकानापाशी थांबावे, आणि धास्ती वाटली तर ११२ हा क्रमांक फिरवावा. घरच्यांनीही मुलीची साखळी आखडण्याऐवजी चार दिवस तिच्याबरोबर चालून जावे. टपरीवरच्यांना तेवढे पुरते.

परदेशांत लोकांनी यावर खुणेचा तोडगा काढलेला आहे. २०१२ च्या सुमारास स्वीडनमधून एक प्रथा पसरली. ज्या कुत्र्याला जवळीक नको असेल, त्याच्या साखळीला पिवळी फीत बांधायची. फीत पाहिली की, लोक अंतर राखून जातात. कल्पना चांगली आहे, पण आपल्याकडे पिवळी फीत दिसली की, "खंडोबाला सोडलाय का?" असे विचारायला चार माणसे जास्तच जमतील. आपल्या गावांत खूण चालत नाही, बोलणेच चालते. तेव्हा बोलावे, पण काय बोलायचे ते आधी ठरवून बोलावे.

आणि विचारणाऱ्या मंडळींनाही एक विनंती. कुत्र्याविषयी जरूर विचारा. दोन घटका बोलल्याने कोणाचे काही जात नाही, आणि मुक्या जनावराच्या निमित्ताने ओळखी जुळतात, हे तर गावाचे सुखच आहे. कित्येक एकट्या वृद्धांचा सकाळचा पहिला शब्द कोणाच्या तरी कुत्र्यापाशीच उमटतो. फक्त हात लावण्यापूर्वी परवानगी घ्या, मुलाला पुढे करण्यापूर्वी थांबा, आणि उत्तर आखडते येऊ लागले की, वाट सोडा. लालबागेकडे किंवा तापीच्या काठी एखादी मुलगी आपल्या कुत्र्याला घेऊन निर्धास्तपणे फेरी मारून परत येऊ शकते की नाही, यावर आपल्या चौकसपणाला जिव्हाळा म्हणायचे की जाच, हे ठरणार आहे.