लाव्यांचा हिशेब हिवाळी पावसाकडे

ॲरिझोनातल्या सोनोरन वाळवंटात लावा आधी ऐकू येतो, मग दिसतो. दिसला तर!

तिथला हा लावा म्हणजे गॅम्बेल्स क्वेल. वजन जेमतेम पावणेदोनशे ग्रॅम, कपाळावर पुढे झुकलेला काळा तुरा. आपल्या माळावरच्या लाव्याशी त्याचं नातं दूरचं, कुळच वेगळं. थवा पांगला की पक्षी एकमेकांना हाका घालतात. जाणता शिकारी सकाळी टेकाडावर थांबून कानोसा घेतो आणि कोरड्या ओढ्याची वाट धरतो. ओढ्याकाठी मेस्किटची दाटी असते. आपल्या वेड्या बाभळीचे हे भाऊबंद. बिया, सावली, लपण आणि रात्री बसायला फांद्या, सगळं तिथंच मिळतं.

खरी पंचाईत पुढे. हा पक्षी उडण्यापेक्षा पळणं पसंत करतो. झुडपांतून तुरुतुरु पळत तो बंदुकीच्या टप्प्याबाहेर जातो, म्हणून शिकारी चक्क धावत सुटतात आणि थवा उठवतात. थवा फुटला की एकेक लावा झुडपात दबून बसतो. आता कुत्र्याच्या नाकाचं काम. पण ऊन चढलं की कोरड्या हवेत वास टिकत नाही, शिवाय चोया निवडुंगाचे काटे पंजांत रुततात. ते काढायला शिकारी खिशात कंगवा ठेवतात.

एवढं करून लावे मिळणार किती, हे मात्र आदल्या हिवाळ्यातच ठरून गेलेलं असतं. ऑक्टोबर ते मार्चमध्ये पाऊस झाला, तर वाळवंटात कोवळं तण उगवतं. त्यातून ‘अ’ जीवनसत्त्व मिळालं की लावे विणीला तयार होतात. मादी दहा-बारा अंडी घालते. पाऊस रुसला, तर कित्येक पक्षी जोड्याच जमवत नाहीत. १९५०च्या दशकात ॲरिझोनाच्या वन्यजीव खात्यातल्या अभ्यासकांनी शिकारीचे आणि शिकारबंदीचे भाग ताडून पाहिले. दोन्हीकडची संख्या पावसामागोमागच वरखाली होत होती. बंदूक नसली, तरी बहुतेक लावे वर्ष-दीड वर्षात मरतातच.

म्हणून वाटेल तितके मारावेत, असं कुणी समजू नये. तिथेही हंगाम ठरलेला आहे आणि माणशी दिवसाला १५ पक्ष्यांची मर्यादा आहे. माझ्या मते लाव्याला मोठा धोका बंदुकीपेक्षा ओढ्याकाठची झुडपं साफ होण्याचा. आसराच गेला, तर चांगला पाऊसही वाया. आपल्याकडे मात्र रानातला लावा मारणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२नुसार गुन्हा आहे.