शंभर मैल आणि चौसष्ट ठोके

नागपूरच्या झिरो माइलच्या दगडावर बैतूलचं अंतर कोरलेलं आहे : १०१ मैल. शेजारीच चार घोड्यांचे पुतळे आहेत. दगड मोजणीवाल्यांचा, घोडे शोभेचे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असावा असं कधी मनात आलं नव्हतं. मग एका खेळाची माहिती वाचनात आली आणि तो आकडा वेगळाच दिसू लागला.

नागपूरहून निघायचं, सावनेर, पांढुर्णा, मुलताई करत सातपुड्याचे चढउतार ओलांडायचे आणि बैतूल गाठायचं. गाडीने नाही, घोड्यावरून. घोडा बदलायचा नाही, स्वार बदलायचा नाही आणि सगळं एकाच दिवसात. घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, म्हणजे ज्याला एन्ड्युरन्स रायडिंग म्हणतात त्या खेळात, जागतिक अजिंक्यपदाचं अंतर जवळपास एवढंच असतं. १६० किलोमीटर, म्हणजे शंभर मैल.

हे रेसकोर्सवरचं धावणं नव्हे. वाट कच्च्या रस्त्यांची, रानातली, ओढ्यानाल्यांची. या खेळाचं आजचं रूप १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात घडलं. आजकालचे घोडे एका दिवसात शंभर मैल जाऊ शकतात का, हे दाखवून द्यायला वेंडेल रॉबी नावाचा गृहस्थ काही सोबत्यांसह सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून ऑबर्न गावी पोचला. ती स्वारी आजही होते, टेव्हिस कप या नावाने. चोवीस तासांच्या आत धडधाकट घोड्यासह पोचणाऱ्या प्रत्येकाला पट्ट्याचं चांदीचं बक्कल मिळतं. पण मला भावतो तो तिथला दुसरा चषक. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी जो सर्वांत ताजातवाना, अजूनही चालायला तयार, त्याला हॅगिन कप देतात. काही स्पर्धा तर याहून पुढे जातात. तिथे ठरावीक वेळेच्या आधी पोचलात तरी गुण कापले जातात. गुण असतात ते घोड्याच्या तब्येतीला आणि स्वाराच्या वागण्याला.

शंभर मैलांची ही वाट सलग नसते. तिचे टप्पे पाडलेले असतात, एकेक टप्पा जास्तीत जास्त चाळीस किलोमीटरचा. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी पशुवैद्य स्टेथोस्कोप घेऊन उभे. घोडा आल्यापासून ठरलेल्या मिनिटांत त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला चौसष्टपर्यंत उतरले पाहिजेत. नाही उतरले तर स्पर्धा तिथेच संपली. उतरले की पुढची तपासणी. हिरडी बोटाने दाबून सोडतात आणि रंग किती लवकर परततो ते पाहतात. मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात. ती पटकन सपाट झाली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय. पोटाला कान लावून आतडी गुरगुरताहेत का ऐकतात. शांत पोट ही वाईट खूण. मग लगाम सैल सोडून घोड्याला दुडक्या चालीने पळवून बघतात, कुठला पाय राखतोय का.

खरी गंमत घड्याळाची आहे. घोडा टप्प्यावर आला तरी घड्याळ थांबत नाही. घोडा तपासणीला पुढे करेपर्यंत ते चालूच राहतं. आता दोन स्वार डोळ्यांसमोर आणा. एक चौखूर उधळत आला, घोडा धापा टाकतोय, ठोके उतरायची वाट बघत बारा मिनिटं गेली. दुसरा शेवटच्या किलोमीटरला खाली उतरला, तंग सैल केला, घोड्याबरोबर चालत आला आणि तीन मिनिटांत तपासणीला उभा राहिला. मागून येऊन तो पुढे गेला. धावण्याची शर्यत थांबण्यात जिंकली जाते, हे कळलं तेव्हा मी वाचत होतो ते पान तसंच ठेवून कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो.

चौसष्ट हा आकडा काय आहे ते कळण्यासाठी घोड्याच्या अंगात शिरावं लागतं. निवांत उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस वेळा धडधडतं, आपल्या जवळपास निम्मं. भरधाव पळताना तेच दोनशेच्या पार जातं. म्हणजे सहापट वाढ! माणसाला तिप्पट जमते. शिवाय घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा राखून ठेवलेला असतो. पळायची वेळ आली की प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात लोटते. काही क्षणांत रक्तच घट्ट होतं आणि प्राणवायू वाहायची त्याची ताकद वाढते. डोंगराळ भागात सराव करून खेळाडू महिनोन्‌महिने जे कमावतात, त्याच जातीचं काहीतरी घोडा खोगीर चढवून निघाल्यावर काही मिनिटांत करतो.

पण स्नायू कामाला लागले की बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते आणि एवढ्या मोठ्या देहातली उष्णता काढायची कशी? कुत्रा जीभ काढून धापा टाकतो. घोडा तोंडाने श्वास घेऊच शकत नाही, त्याचा सगळा श्वास नाकातून. म्हणून तो घाम गाळतो, आणि कसा! उन्हात, जोरात चालताना तासाला दहा लिटर किंवा त्याहून जास्त. त्या घामात लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं, साबणासारखं काम करणारं. तेलकट, दाट केसांतून पाणी पसरवून ते वाऱ्याला देतं. मानेवर, मांड्यांमध्ये फेस दिसतो तो याचाच.

या घामात एक घात दडलेला आहे. आपला घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. म्हणून घाम गेला की रक्तातला खारटपणा वाढतो आणि मेंदू म्हणतो, पाणी पी. घोड्याच्या घामात मीठ रक्ताइतकंच किंवा जास्त. पाण्याबरोबर मीठही निघून गेल्यामुळे रक्ताचा खारटपणा वाढत नाही आणि कित्येक लिटर पाणी गमावलेल्या घोड्यालाही पुरेशी तहान लागत नाही. पाण्याची बादली पुढ्यात असते आणि तो तोंड फिरवतो. म्हणून स्वाराबरोबरची मंडळी क्षारांचं मिश्रण पिचकारीने त्याच्या तोंडात सोडतात, ओला चारा देतात, अंगावर सतत गार पाणी ओततात. त्याला स्वतःला न कळणारी तहान दुसऱ्या कोणीतरी ओळखायची असते. माणूस आणि जनावर यांच्यातल्या नात्याबद्दल इतकं खोल काही मी फारसं ऐकलेलं नाही.

चाऱ्याचं महत्त्वही यातच आहे. घोड्याच्या मागच्या आतड्यात गवताचा लगदा भिजत पडलेला असतो, पाणी आणि क्षार धरून. लांबच्या वाटेवर तीच त्याची पखाल.

लहानखुरा, सडसडीत घोडा यात पुढे का, हेही मग उलगडतं. देह लहान तर त्या मानाने कातडीचा पसारा जास्त, उष्णता लवकर निघते. अरबी घोडे या खेळावर राज्य करतात ते उगाच नाही. आणि आपला भीमथडी घोडा? भीमेच्या काठचं ते काटक, चिवट, थोडक्या दाणापाण्यावर भागवणारं जनावर. त्याच्यात अरबी रक्त मिसळलं असं मानतात. आजही धनगरांचा वाडा कोकणाकडे निघाला की बिऱ्हाड, कोकरं आणि म्हातारीकोतारी त्याच घोड्यांवर असतात. अलीकडेच या घोड्याची देशी जात म्हणून सरकारदरबारी स्वतंत्र नोंद झाली. मराठ्यांच्या फौजा दौडल्या त्या याच घोड्यांच्या पाठीवर.

'मजल' हा आपला शब्दच बघा. एका दिवसाची वाटचाल म्हणजे मजल, संध्याकाळी मुक्काम, सकाळी पुन्हा कूच. मजल दरमजल हे आपण आता बस बदलत प्रवास केला तरी म्हणतो, पण त्या शब्दात घोड्याचा दम मोजलेला आहे. राज्याभिषेकाच्या थोडं आधी शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला एक पत्र धाडलं. दाणावैरण आत्ताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि त्यांना तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्यात इशारा आहे. उंदराने पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंजी जळतील, इथपर्यंत काळजी आहे. स्वारीचा विचार तोबऱ्यापासून सुरू होतो हे ज्याला ठाऊक, त्याचं ते पत्र.

आणि नागपूर तर पल्ल्याचंच शहर. १७४२ मध्ये रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर इथल्या फौजा घेऊन बंगालमध्ये उतरले. नागपूर ते काटवा, सरळ रेषेत मोजलं तरी साडेनऊशे किलोमीटरच्या वर. झिरो माइलवरच्या बैतूलच्या आकड्याची जवळपास सहापट, तीही जंगल-डोंगरांतून. बारगीर सरकारी घोड्यावर, शिलेदार स्वतःच्या. शिलेदाराचा घोडा मेला तर पोटच गेलं. तो घोड्याचा श्वास ऐकत चालत असणार. बंगालमध्ये बारगीरवरून आलेला 'बर्गी' हा शब्द मात्र भीतीचा झाला, मुलांना झोपवताना घ्यायचा. गावं लुटली गेली, माणसं मेली. कलकत्त्याच्या इंग्रजांनी धास्तावून 'मराठा डिच' खणला. त्या पल्ल्याचा अभिमान वाटतो तेव्हा ही दुसरी बाजूही मला आठवते, आणि आठवावीच.

आज तो शंभर मैलांचा पल्ला एक मुलगी पार करते. केरळच्या मलप्पुरमची निदा अंजुम चेलाट २०२३ मध्ये फ्रान्समधल्या कास्तेलसाग्रा इथे तरुण स्वारांच्या जागतिक स्पर्धेत १२० किलोमीटर साडेसात तासांत गेली. पुढच्याच वर्षी मोंपाझिये इथे मोठ्यांच्या अजिंक्यपद स्पर्धेत १६० किलोमीटर, साडेदहा तासांच्या आत, 'पेत्रा देल रे' नावाच्या घोडीवर. दोन्ही वेळा घोडा तपासण्या ओलांडून धडधाकट पोचला. मधले थांबे न धरता, नागपूरहून सकाळी सहाला निघून संध्याकाळी साडेचारला बैतूल, असा हिशेब मी त्या दगडापाशी उभं राहून केला.

आपल्याला एवढं काही करता यायचं नाही. पण लग्नसराईत वरातीचा घोडा मंडपाबाहेर उभा असतो. मालकाला विचारून, बँडचा आवाज थांबल्यावर, त्याच्या डाव्या कोपरामागे तळवा टेकवा आणि थांबा. एक ठोका लागेल. मग काहीच नाही, इतका वेळ की हात चुकीच्या जागी आहे असं वाटेल. हात काढू नका, दुसरा येतोय.