खटखट अधिक खटखट

दोस्तांनो, ठाणे जिल्ह्यातलं भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. गल्लीतून जाताना भिंतीपलीकडून सारखी खटखट! धोटा इकडून तिकडे आपटतो, हवा कुठे दाट, कुठे विरळ होते आणि ध्वनिलहर निघते.

आता गंमत बघा. दोन अगदी सारख्या लहरी एका जागी भेटल्या आणि दाट पट्ट्यावर दाट पट्टा आला, तर लहरीचा हेलकावा, म्हणजेच आयाम, दुप्पट होतो. तीव्रता मात्र आयामाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ती चौपट! दाटावर विरळ आला, तर बेरीज शून्य. आवाज अधिक आवाज बरोबर शांतता!

मग शेजारचे दोन माग एकमेकांना गप्प का करत नाहीत? कारण त्यांच्या लहरींचा ताल जुळून राहत नाही. क्षणात दाटावर दाट, क्षणात दाटावर विरळ. सरासरी काढली, की तीव्रता ना चौपट ना शून्य, नुसती दुप्पट! डेसिबलमध्ये ही वाढ फक्त ३. एका मागाचे ९० डेसिबल धरले, तर तितक्याच अंतरावरच्या दोन मागांचे ९३ आणि दहांचे १००.

आकडा किरकोळ वाटतो ना? पण ९० वरून १०० म्हणजे कानावर दहापट ऊर्जा! ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास, वर्षानुवर्षं काढली, की ऐकू येणं हळूहळू कमी होतं. गेलेलं परत येत नाही. घरातलं कोणी मागावर जात असेल, तर त्यांना इअरप्लग घालायला सांगाच. कापसाच्या बोळ्यानं भागत नाही बरं का!