लहान परसात करवंदाची जागा



आपल्या मुलांपैकी फार थोडी मुले आता कुळागरातल्या घरांतून शाळेत येतात. तिस्कावर किंवा विठ्ठलापूरच्या बाजूला घर, त्याच्या मागे सहा-सात मीटर लांबीरुंदीचा परस, त्यातच पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी आणि दुचाकी उभी करण्याची जागा, असे चित्र जास्त दिसते. एवढ्याशा जागेत मुलांसाठी एखादे फळझाड कुठे लावावे, असे पालक विचारतात. तेव्हा या अंकात त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी झाड निवडायचे आणि मग माणसांनी उरलेल्या जागेत बसायचे, हा क्रम लहान परसात चालत नाही. प्रथम घरच्या माणसांची जागा आखून घ्यावी. मे महिन्यात आमसुले, पापड, साठे वाळत घालायला ऊन पडणारा तुकडा लागतो. संध्याकाळी आजी-आजोबांना बसायला सावली लागते. ज्यांना पुढे अंगणच नाही त्यांची तुळसही मागे असते, आणि कार्तिकात तुळशीच्या लग्नाला दहा-पंधरा माणसे तिच्याभोवती उभी राहतात. म्हणून मध्ये निदान तीन मीटर लांबीरुंदीची जागा मोकळी ठेवावी आणि झुडपांना कडेचा पट्टा द्यावा. हा आराखडा कागदावर न काढता चुना किंवा राख टाकून जमिनीवरच काढावा आणि आठ दिवस त्यावरून वावरून पाहावे. दोरीकडे जाण्याची वाट अडते काय, हे घरातल्या बायकांना पहिल्याच दिवशी कळते.

जांभूळ लहान परसात लावू नये. ते मोठे होते, त्याची फांदी ठिसूळ असते आणि मुलांना चढायचा मोह आवरत नाही. आवळाही वाढत जाणाराच वृक्ष. तुळशीच्या लग्नापुरती फांदी शेजारून मागून आणलेली बरी. स्ट्रॉबेरीचे रोप हौसेने आणले जाते, पण ते महाबळेश्वरच्या थंडीत रमणारे पीक आहे. आपल्या दमट हवेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुंडीत थोडी फळे देईल, पुढे उन्हाळा त्याला सोसत नाही.

आपल्या जमिनीचे खरे झुडूप म्हणजे करवंद, कोंकणीत आपण ज्याला कांटां म्हणतो ते. जांभ्या दगडाची हलकी जमीन, कडक ऊन, चार महिने न घातलेले पाणी, हे सगळे ते सोसते. सोसत नाही ते मुळाशी साचलेले पाणी. म्हणून ज्या बाजूने पागोळ्यांचे पाणी वाहते तिथे ते लावू नये, किंवा आधी चर खणून पाण्याला वाट द्यावी. डिचोलीच्या परिसरातल्या कितीतरी टेकड्या खाणींनी पोखरल्या, आता काहींवर प्लॉट पडत आहेत. रानात जाऊन करवंदे काढण्याची वाट मुलांसाठी अरुंद होत चालली आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकत मिळतात ती करवंदे वेगळी आणि झुडपात हात घालून, ओरखडा काढून घेऊन खाल्लेली वेगळी. फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ विकतच्या फळांशी फारसा कोणी खेळत नाही.

काटा मात्र विसरू नये. करवंदाचा काटा जोडीने येतो आणि खोल जातो. झुडूप मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून आणि टाकीच्या वाटेपासून दूर, बाहेरच्या कडेला असावे. कुंपणासाठी लावायचे तर दोन रोपांत सुमारे एक मीटर अंतर, फळांसाठी दोन मीटर तरी. खालचा हातभर भाग साफ ठेवावा, म्हणजे आत सरपटणारे काही बसले तर दिसते. फळे संपल्यावर हलकी छाटणी करावी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ नावाची मोठ्या फळांची जात काढली आहे. रोपवाटिकेत तिची चौकशी करावी. हिंदी मुलखातला ‘करौंदा’ याच कुळातला, पण तो पावसाळ्यात पिकतो आणि लोणच्या-मुरंब्यासाठी जास्त वापरतात. गुलाबी-पांढऱ्या फळांचे रोप कोणी दिले तर ते बहुधा त्या जातीचे समजावे.

दुसरे झुडूप तुतीचे. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब फांदी खोचली तरी जगते. तुती पश्चिमेच्या कडेला लावली तर संध्याकाळचे तिरपे ऊन अडते. तिची पिकलेली फळे गळून जमीन आणि कपडे जांभळे होतात, तेव्हा दोरी आणि वाळवण तिच्यापासून लांब हवे. दरवर्षी छाटून माणसाच्या उंचीची ठेवावी. नव्या फुटव्यांवर फळ येते आणि मुलांचा हात पोचतो.

आता एक नाजूक गोष्ट. गोव्यात मुलगे-मुली सर्वांचा वाडवडिलांच्या मालमत्तेत सारखा वाटा, त्यामुळे एका परसाचे मालक पुष्कळदा तीन-चार कुटुंबे असतात. तिथे कोणी फणस किंवा माड लावला की झाड कोणाचे आणि उद्या जमीन कोणाची, हा विषय निघतो. झुडपाचे तसे होत नाही. वाटणी झाली तर ते काढता येते, फांदीवरून दुसरीकडे लावता येते. तरीही खड्डा खणण्यापूर्वी सगळ्यांना विचारावे. हद्दीवर लावू नये, मीटरभर आत लावावे. चुलत भावंडांपैकी पाणी कोणी घालायचे हे ठरवून द्यावे. फळे मात्र सगळ्यांची.

खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्यावेत, हातभर लांब, रुंद व खोल पुरेत. माती आणि शेणखत मिसळून भरावेत आणि पाऊस स्थिरावल्यावर जूनमध्ये रोप लावावे. विकतचे रोप नको असेल तर मुलांनी खाल्लेल्या करवंदांच्या बिया धुऊन लगेच दुधाच्या रिकाम्या पिशवीत पेराव्यात. त्या वाळवून डब्यात ठेवल्या तर उगवण्याची ताकद लवकर जाते. पिशवीला खाली दोन भोके पाडावीत. ही रोपे वर्षभर पिशवीत वाढवून पुढच्या जूनमध्ये जमिनीत लावावीत. त्यानंतर फळांसाठी आणखी दोन-तीन वर्षे थांबावे लागते. म्हणजे आज पाचवीत असलेला मुलगा आठवी-नववीत गेल्यावर आपल्या परसातले करवंद खाईल.