जुनी पिकअप घेताना : कोणतं साल, कोणत्या रस्त्यासाठी?

‘२०२० मॉडेल, सिंगल ओनर, टायर नवे, कागद कम्प्लीट.’ जुन्या पिकअपच्या जाहिरातीत साधारण एवढंच लिहिलेलं असतं आणि घेणारा त्यातला २०२० हा आकडा धरून भाव करायला बसतो. पण त्या एका आकड्यामागे तीन निरनिराळ्या गाड्या असू शकतात. २०१९ च्या दिवाळीच्या सुमारास तयार झालेली, काही महिने डीलरच्या आवारात उभी राहिलेली आणि मार्च २०२० मध्ये घाईघाईने पासिंग झालेली बीएस-४, म्हणजे धुराच्या ‘भारत स्टेज’ नियमांच्या चौथ्या टप्प्यातली, ही एक. मार्चअखेर विकली गेली, पण टाळेबंदीत नोंदणी अडकली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये परवानगी दिल्यावर जिला नंबर मिळाला, अशी बीएस-४ ही दुसरी. आणि वर्षाच्या उत्तरार्धात बाजारात आलेली बीएस-६ ही तिसरी. तिन्ही आरसीवर २०२० च्याच. मात्र तिसरीची धुराची यंत्रणा पहिल्या दोघींपेक्षा पूर्ण वेगळी आहे आणि त्यामुळे तिची देखभाल, तिचा खर्च आणि तिला मानवणारा रस्ताही वेगळा आहे.

जुनी पिकअप कोणी हौस म्हणून घेत नाही. भाजीपाला मार्केटला न्यायचा असतो, दुधाचे कॅन गोळा करायचे असतात, सिमेंट-सळईच्या दुकानाची डिलिव्हरी असते, मंडपाचं सामान असतं. घरातलं सोनं गहाण टाकून आणि वर फायनान्सचं कर्ज काढून गाडी दारात येते. पहिल्या सहा महिन्यांत ती गॅरेजला लागली, तर धंदा थांबतो आणि हप्ता चालूच राहतो. म्हणून सालाचा विचार नीट व्हायला हवा. ‘जेवढं नवं तेवढं चांगलं’ या सोप्या हिशेबावर तो सोडता येत नाही. माझं मत असं, की गाडी रोज किती धावणार, कुठल्या रस्त्याने आणि काय भरून, हे आधी ठरवावं. साल त्यातून आपोआप निघतं.

पिकअपच्या बाबतीत सालांच्या मधल्या खऱ्या भिंती तीन आहेत. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आणि १ एप्रिल २०२३ पासून बीएस-६ चा दुसरा टप्पा. एका भिंतीच्या आतल्या दोन सालांत, म्हणजे २०१८ आणि २०१९ मध्ये, यंत्र म्हणून फारसा फरक नसतो. तिथे गाडीची अवस्था बघायची. भिंत ओलांडली की मात्र आपण दुसरंच यंत्र विकत घेत असतो.

बीएस-३ च्या काळातल्या बहुतेक पिकअपमध्ये डिझेलचा साधा मेकॅनिकल पंप असायचा. तालुक्याच्या गावचा मिस्त्री पंप-नोझल उतरवून दिवसभरात गाडी परत रस्त्यावर आणायचा. बीएस-४ बरोबर पिकअपमध्ये कॉमन रेल सर्रास झालं. इंजेक्शनचा दाब वाढला, संगणक आला, सेन्सर आले आणि दोष शोधायला स्कॅनर लागू लागला. आज हे तंत्र गावोगावच्या गॅरेजवाल्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. महिंद्राच्या बोलेरो पिकअपचं २५२३ सीसीचं इंजिन तर इतकं पसरलेलं आहे, की त्याचे सुटे भाग मिळाले नाहीत असं सहसा होत नाही.

बीएस-६ ची गोष्ट निराळी. बीएस-४ च्या तुलनेत नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा जवळपास दोन तृतीयांशाने खाली आली आणि काजळीची त्याहूनही जास्त. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणावं लागलं. ही मर्यादा पाळण्यासाठी डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी आली, तिला मेकॅनिक ‘डीपीएफ’ म्हणतात. काही गाड्यांत त्याच्या जोडीला युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही असते. डिझेलच्या झाकणाजवळ निळं झाकण दिसलं, तर ती टाकी आहे असं समजावं. ते द्रावण भरण्याचा खर्च रोजच्या हिशेबात धरावा लागतो.

जुन्या गाडीच्या खरेदीत सगळ्यात जास्त पैसे या डीपीएफवर बुडतात, म्हणून इथे जरा थांबू. ही गाळणी भरत आली, की इंजिन जादा डिझेल वापरून तिचं तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत चढवतं आणि आतली काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी काही वेळ एका लयीत, गरम इंजिनावर धावायला हवी. नाशिकहून वाशीला माल नेणाऱ्या गाडीत हे आपोआप होतं, चालकाला कळतही नाही. पण पहाटे चार वाड्यांवर थांबत थांबत दूध गोळा करणारी, दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणारी, पुन्हा सुरू होणारी गाडी घ्या. तिची काजळी जळायला सुरुवात होते आणि तेवढ्यात चालक चावी फिरवतो. हे रोज होत राहिलं की गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीची ओढ जाते आणि अर्धवट जळण्याच्या प्रयत्नांत जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल, ऑइल पाण्यासारखं पातळ असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर त्या गाडीचं आयुष्य कुठल्या रस्त्यावर गेलं हे मालकाला विचारायची गरज उरत नाही.

दुसरी तपासणी याहून सोपी आहे. इंजिन थंड असताना सायलेन्सरच्या नळीच्या आतून बोट फिरवा. बीएस-६ गाडीची गाळणी शाबूत असेल, तर बोटाला जेमतेम राखाडी धूळ लागते. काळी, दाट काजळी लागली, तर गाळणी आतून फुटलेली आहे किंवा कोणीतरी ती पोखरून रिकामी केलेली आहे. ‘डीपीएफ काढून टाकलाय, आता टेन्शन नाही’ असं अभिमानाने सांगणारे विक्रेते भेटतात. तो व्यवहार तिथेच सोडावा. ते बेकायदा आहेच, शिवाय फिटनेसला अडचण घेणाऱ्याला येते आणि त्या गाडीतून निघणारी काजळी आपल्याच गावातल्या पोरांच्या छातीत जाते. ऑइल बदलल्याची बिलंही मागा. डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं. स्वस्तातलं कुठलंही ऑइल ओतत आलेल्या मालकाची गाळणी लवकर बसते.

म्हणून रोजची फेरी तोकडी, थांबत थांबतची आणि गावातल्या गावात असेल, तर मी २०१८-१९ ची चांगली राखलेली बीएस-४ सुचवेन. रोजची शंभर-दीडशे किलोमीटरची सलग धाव असेल, तर २०२१-२२ ची बीएस-६ घ्यावी. २०२० मधल्या बीएस-६ गाड्यांबद्दल मी जरा हात राखून बोलेन. यंत्रणा नवी होती, मिस्त्रींचा हात बसलेला नव्हता. अधिकृत वर्कशॉपचा पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड समोर असेल तरच तिचा विचार करावा.

धाव अगदीच कमी असेल, तर डिझेलचा हट्टच का? टाटा एस म्हणजे आपला छोटा हाथी. तो २००५ मध्ये आला तो ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनावर. बीएस-६ च्या काळात तो पेट्रोलमध्येही मिळू लागला आणि पेट्रोलला ही काजळीची गाळणी नाही. शहरातल्या डिलिव्हरीला हा पर्याय डिझेलइतकाच गांभीर्याने बघावा.

आता खरं साल कसं ओळखायचं? आरसीवर नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचा महिना-वर्ष हे वेगवेगळे लिहिलेले असतात. बहुतेक जण पहिलीच तारीख वाचतात. दुसरी वाचा, आणि मग ती चेसिस नंबरशी ताडून बघा. चेसिसच्या पट्टीवर ठोकलेला नंबर सतरा अक्षरांचा असतो. महिंद्राचा ‘एमए१’ने आणि टाटाचा ‘एमएटी’ने सुरू होतो. डावीकडून दहावं अक्षर सालाचं : जे म्हणजे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२, पी २०२३. मध्ये ओ नाही, कारण तो शून्यासारखा दिसतो. पट्टीवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसा, वर कागद धरून पेन्सिल घासा आणि उमटलेला ठसा आरसीशी अक्षर अक्षर जुळवा. एखादं अक्षर वाकडं किंवा जास्त खोल उमटत असेल, आजूबाजूला घासल्याच्या खुणा असतील, तर भाव कितीही चांगला असो, गाडी नको.

स्टेपनी खाली उतरवायला सांगा. चालू टायर बदललेले असतात, पण स्टेपनी पुष्कळदा कंपनीतून आलेलीच असते. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ३६१९ म्हणजे २०१९ चा छत्तिसावा आठवडा. गाडी ‘२०२० मॉडेल’ म्हणून विकली जात असेल आणि मूळ स्टेपनी सप्टेंबर २०१९ ची असेल, तर भाव २०१९ चा बोला.

ऑगस्ट २०२० नंतर नंबर मिळालेली बीएस-४ दिसली तर घाबरू नका, पण मूळ विक्रीचं बिल आणि विमा मार्च २०२० अखेरचाच आहे ना, ते पाहा. असाच पेच २०१७ च्या गाड्यांतही आहे. त्या वर्षी २९ मार्चला न्यायालयाने बीएस-३ ची विक्री १ एप्रिलपासून बंद केली आणि शेवटच्या दोन दिवसांत मोठी सूट देऊन गाड्या खपवल्या गेल्या. म्हणून २०१७ च्या आरसीवर बीएस-३ की ४, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याआधीच्या सालांतही सरसकट विधान चालत नाही. मुंबई, पुणे आणि सोलापुरात बीएस-४ चा नियम २०१० पासूनच आला होता. त्यामुळे २०१५ ची पुण्याची गाडी बीएस-४ आणि त्याच सालची लातूरची बीएस-३ असू शकते. बीएस-३ गाडी शेताच्या बांधापुरती ठीक. धंद्यासाठी नवं कर्ज काढून ती घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

याचं कारण वयाच्या नियमांत आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस लागतं, त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षं झाली की महाराष्ट्रात पर्यावरण करही येतो. गाडीचं वय वाढतं तशी फिटनेसची फीही जबर वाढते. २०१८ ची गाडी २०२६ मध्ये आठ वर्षांची होते, २०२१ ची २०२९ मध्ये. समजा दोन्हींच्या किमतीत दोन लाखांचा फरक आहे. तुम्ही गाडी पाच वर्षं ठेवणार असाल, तर जुन्या गाडीची पाच फिटनेस, प्रत्येक वेळचे ब्रेक-दिवे-रंगरंगोटीचे पैसे, बुडालेले दिवस आणि शेवटी बारा-तेरा वर्षांच्या गाडीला मिळणारा भाव, हे सगळं त्या दोन लाखांतून वजा करून बघा. कर्जाचा व्याजदरही जुन्या गाडीला सहसा चढा असतो. कधी कधी हा फरक पुसून जातो. तोकड्या फेरीच्या धंद्यात मात्र एका डीपीएफच्या खर्चाने पारडं पुन्हा बीएस-४ कडे झुकतं.

एकाच सालच्या दोन गाड्यांत निवड आली, तर आरसीवरचं एकूण वजन पाहा. भारासह ३००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यावर लागतं. दीड-पावणेदोन टनांची मोठ्या हौद्याची गाडी घेण्याआधी एवढा माल रोज खरोखर भरतो का, हे स्वतःला विचारावं. मग खाली वाकून पाटे मोजा. कंपनीच्या पाट्यांत एखादा जादा पाटा घातलेला दिसला, तर गाडीने वर्षानुवर्षं जादा माल ओढलेला आहे. चेसिस कुठे वेल्ड केली आहे का, फाळका सरळ बसतो का, तेही बघा. एमएच-०८ किंवा एमएच-०७ पासिंगची, मासळी वाहिलेली गाडी असेल, तर हौद्याच्या खालच्या आडव्या पट्ट्या स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. बर्फाचं खारट पाणी तिथे वर्षभर ठिबकत असतं. अशी २०२१ ची गाडी लातूरच्या कोरड्या हवेतल्या २०१८ पेक्षा जास्त गंजलेली निघू शकते.

राहिल्या २०२३ नंतरच्या गाड्या. यांत बोलेरो मॅक्स पिकअपसारखी नवी मालिका आहे आणि दुसऱ्या टप्प्याच्या नियमांमुळे धुरावर लक्ष ठेवणारी यंत्रणा जास्त कडक आहे. गाडी म्हणून त्या चांगल्याच. अडचण भावाची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. विकणाऱ्याने गाडी जुन्या दराने घेतलेली असते आणि त्याच्या डोक्यात तीच किंमत असते. म्हणून त्याच्याशी बोलण्याआधी डीलरकडून त्याच प्रकारच्या नव्या गाडीचं आजचं ऑन रोड कोटेशन लिहून घ्या, आणि दोन्ही गाड्यांचा महिन्याचा हप्ता, त्या त्या व्याजदराने, शेजारी शेजारी मांडा. हप्त्यातला फरक थोडा असेल, तर नवी घ्यावी. तिला पहिली दोन वर्षं फिटनेसची फेरी नाही, वॉरंटी पूर्ण आहे आणि तिची गाळणी कोणत्या रस्त्यावर भरत गेली, ते पहिल्या दिवसापासून तुम्हाला माहीत असेल.