ताशाकडे नाही, हाताकडे बघ

कराडहून सीए करायला पुण्यात आले आणि नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहू लागले. सकाळी क्लास, दुपारभर अभ्यासिका, रात्री मेस. खोलीत आम्ही चौघी, पण चौघींच्या परीक्षा वेगळ्या, वेळा वेगळ्या. बोलणं व्हायचं ते चार्जर कुणाचा आणि आंघोळीला आधी कोण, एवढंच. पहिल्या वर्षी मी कॅलिग्राफीची पेनं आणली. मग कोरियन भाषा, मग रविवारचे ट्रेक. त्या त्या वेळी ते मनापासून आवडलंही, पण तिथे भेटलेली माणसं तिथेच राहिली. दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एका ढोल-ताशा पथकात नाव दिलं.

पुण्याबाहेरच्या लोकांना पथक म्हणजे बँड पार्टीसारखं काहीतरी वाटतं. आमच्या पथकात वादकाला पैसे मिळत नाहीत. गणेश मंडळाकडून येणारं मानधन ढोलांची पानं, दोऱ्या आणि टेम्पोचं भाडं यांतच जातं. पूर्वी गणपतीत ढोल वाजवायला मुळशी-मावळच्या गावांतले लोक शहरात यायचे. ज्ञान प्रबोधिनीच्या अप्पा पेंडश्यांनी शाळेतल्या मुलांच्या हाती ढोल दिला. पुढे रमणबाग, गरवारे अशा शाळांची पथकं उभी राहिली. शाळा सुटली तरी मुलांचा ढोल सुटेना, म्हणून माजी विद्यार्थ्यांनी आपापली पथकं काढली. आज त्यात माझ्यासारखी, कुठल्याच पुणेरी शाळेत न शिकलेली पोरंही असतात.

वाद्यपूजन झालं की नदीपात्रात सराव सुरू होतो. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पात्रातला रस्ता बंद आणि सरावही बंद. ढोलाच्या एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला थापी. पहिल्या आठवड्यात कमरेवर दोरीचे वळ उठतात, बोटांना फोड येतात, मग प्रत्येकजण बोटांना चिकटपट्टी गुंडाळूनच येतो. जुनी चामड्याची पानं दमट हवेत सैल पडायची, त्यामुळे आता बहुतेक ढोलांना प्लास्टिकची असतात. ताशा पुढे असतो. कुठला ताल, कधी बदलायचा, कुठे थांबायचं, हे तोच ठरवतो.

मला वाटायचं, ताशा ऐकायचा आणि वाजवायचं. मागच्या रांगेत उभी राहिले की मात्र माझा ठोका हमखास मागे पडायचा. आमचा ताशावाला दादा दिवसा रिक्षा चालवतो. त्याने एका संध्याकाळी सरळ सांगितलं, "कानावर जाऊ नकोस, पुढच्याच्या हाताकडे बघ." त्यामागचं गणित नंतर समजलं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ताशापासून ३० मीटर मागे उभं असलं, तर त्याचा ठोका आपल्यापर्यंत सेकंदाच्या अकराव्या भागाएवढा उशिरा येतो. जलद तालात तेवढा उशीर पुरतो आणि अख्खी रांग फाटते. हात मात्र उठतो त्याच क्षणी दिसतो.

माझ्या मते पथकातली मैत्री इथूनच सुरू होते. ढोल वाजत असताना कुणी कुणाशी बोलूच शकत नाही. तासन् तास आम्ही फक्त एकमेकांचे हात आणि खांदे बघत असतो. माझ्या पुढे बारामतीची एक नर्सिंगची मुलगी असायची. तिची नाइट ड्यूटी झालेली आहे, हे तिच्या डाव्या खांद्यावरून मला समजायचं. तिचं आडनाव मला फार उशिरा कळलं. मी दमले की ती मागे न बघता अर्धं पाऊल सरकून मला जागा करून द्यायची. कॉलेजातली मैत्री गप्पांतून झाली, नोट्समधून झाली, आणि त्या संपल्या तशी विरतही गेली. ही तशी विरली नाही.

ढोलाच्या आवाजाचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि पथकातल्या पोरांनी तो टाळू नये असं मला कळकळीने वाटतं. पेठांत म्हातारी माणसं राहतात, तान्ही मुलं असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पुण्यातल्या पथकांना ३० जणांची मर्यादा घातली होती. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पथकात त्या दिवशी जल्लोष झाला, मीही नाचले. तरीही अरुंद गल्लीत आणि दवाखान्यासमोर ढोल थांबवायला न्यायालय कशाला लागावं?

विसर्जनाच्या दिवशी मंडईपासून मिरवणूक निघते. आधी मानाचे पाच गणपती: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, मग बाकीची मंडळं. आमचा नंबर लागेपर्यंत रात्र झालेली असते. बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्यावर वळलं की दोन्ही बाजूंच्या इमारतींत आवाज असा घुमतो की ताशा ऐकूच येत नाही. अलका चौकापर्यंत मग हातच बघायचे.

पुढच्या वर्षी आर्टिकलशिप सुरू होईल. तेव्हा संध्याकाळचा सराव जमणार नाही, हे मला दिसतंय. पथकात बरेचजण असेच दोन-तीन वर्षांत थांबतात, नवे येतात. व्हॉट्सॲपच्या गटातून मात्र कुणी बाहेर पडत नाही. रक्त हवंय, सेकंडहँड सायकल हवीय, आईला स्टेशनवरून आणायचंय, सगळं तिथेच पडतं. परवा मी खोली बदलली. निरोप टाकला तर अर्ध्या तासात रिक्षावाला दादा, बारामतीची नर्स आणि ज्यांना मी नावानेही ओळखत नाही अशी दोन पोरं दारात हजर. गादी, पुस्तकं, कपाट घेऊन तीन जिने उतरताना वळणावर कुणालाच "थांब" म्हणावं लागलं नाही.