पिकअपची शेपटी खाली का बसते?

अमेरिकन पिकअप रिकामी उभी असताना मागून थोडी उंच दिसते. अनेकांना ते खटकतं. मग पुढच्या सस्पेन्शनमध्ये दोनेक इंचाचे स्पेसर टाकून गाडी सपाट केली जाते. दिसते झकास, वादच नाही! पण मागची ती उंची मुद्दाम दिलेली असते. हौद भरला किंवा ट्रेलर जोडला की मागचे पाटे दबतात आणि गाडी समतल होते. आधीच सपाट केलेली गाडी मात्र नाक वर करून धावते. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

ट्रेलरचा साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर असावा लागतो. म्हणजे ३,००० किलोच्या ट्रेलरचे ३०० ते ४५० किलो. हुक मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्याने हा भार तरफेसारखा पुढची चाकं हलकी करतो, आणि स्टिअरिंगची पकड कमी होते.

मागच्या सस्पेन्शनला एअरबॅग (हवेच्या पिशव्या) लावल्या की शेपटी उचलली जाते, पण पुढून गेलेलं वजन जवळपास तसंच राहतं. ते परत पुढे ढकलायचं तर वजन वाटून देणारा हिच (ट्रेलरचा जोड) हवा. मला विचाराल तर ट्रेलरवाल्याने आधी तोच घ्यावा, स्पेसर नंतर.

आणि हो, एअरबॅगने गाडीची भारक्षमता वाढत नाही. ती ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेली असते, आणि हुकावरचा भार, माणसं, सामान सगळं त्यातच बसवायचं असतं.